जुन्या प्रूफ नाण्यांची झिलई आणि स्लॅबवरचा शेरा: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या दोन सेवांच्या स्लॅबमधल्या (प्लास्टिकच्या सीलबंद डबीतल्या) जुन्या अमेरिकन प्रूफ नाण्यांचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचा आहे, साधारण १८७८ ते १९७० या काळातल्या. मत आधीच सांगून टाकतो. लेबलवरचा अंक (१ ते ७० मधला दर्जा) आणि झिलईचा शेरा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. डीप कॅमिओ (आरशावर ठळक पांढुरकं चित्र, एनजीसीकडे अल्ट्रा कॅमिओ) असा शेरा असेल तर तो सहसा टिकतो. नुसत्या कॅमिओची सीमारेषा मऊ आहे. आणि मॅट (आरशाऐवजी दाणेदार पृष्ठभागाच्या) प्रूफच्या बाबतीत लेबलपेक्षा स्वतःचा डोळा तयार हवा.

आधी अंक. प्रूफ ही पाडण्याची पद्धत आहे, दर्जा नव्हे. म्हणून १८९५ चा मॉर्गन डॉलर (८८० प्रूफ पाडले गेले) व्यवहारात झिजला तरी तो प्रूफच राहतो, लेबलवर पीआर (प्रूफ) ४५ असं येतं. न झिजलेल्या नाण्याचा अंक मात्र मुख्यतः हेअरलाइन, म्हणजे पुसल्याचे केसासारखे बारीक ओरखडे, ठरवतात. कधीतरी कुणीतरी कापड फिरवलेलं असतं, आणि आरशासारख्या फील्डवर (चित्राभोवतीच्या सपाट जागेवर) ते लपत नाही. ६३ च्या आसपास हे ओरखडे नाणं कलतं करताच दिसतात. ६६ च्या पुढे ते शोधावे लागतात. पुसल्याचा प्रकार फारच उघड असेल तर अंकच मिळत नाही, ‘क्लीन्ड’ असा डिटेल्स शेरा येतो.

तपासायची रीत: खोलीतले बाकीचे दिवे बंद, एकच उघडा बल्ब, पसरट ट्यूबलाइट नको. ट्यूबखाली हेअरलाइन गायब होतात. विकणाऱ्यांचे फोटो बहुधा अशाच प्रकाशात काढलेले असतात. स्लॅब हळूहळू कलवत पूर्ण गोल फिरवा, कारण एका दिशेचे ओरखडे एकाच कोनात चमकतात. ५ ते ७ पट भिंग पुरे. प्लास्टिकवरचा ओरखडा वेगळा ओळखायला भिंगाचा फोकस बदला: नाणं स्पष्ट असताना तो धूसर होतो, आणि कलवताना नाण्यावरून सरकल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो डाय (नाणं पाडायचा ठसा) पॉलिशच्या रेषांचा. डाय घासताना पडलेली रेष डायवर खोल असते, म्हणून नाण्यावर ती उंच उठते. आणि नाण्याची फील्ड म्हणजे डायचा वरचा सपाट भाग. घासणी तिथेच होते. म्हणून अशी रेष अक्षराच्या किंवा चेहऱ्याच्या कडेला येऊन थांबते आणि पलीकडे फील्डवर पुन्हा सुरू होते. हेअरलाइन खोल असते आणि अक्षराच्या माथ्यावरूनही बिनदिक्कत जाते. एवढं एक कळलं तरी अर्ध्या तक्रारी मिटतात. तिसरा प्रकार धाग्यांचा: डाय पुसलेल्या कापडाचा तंतू मध्ये राहून नाण्यावर वळणदार खाच उमटते. ती टाकसाळीचीच असल्याने ग्रेडर तिला सौम्यपणे घेतात, मात्र गालावर पडली तर किंमत मोजावी लागते.

आता झिलई. कॅमिओ म्हणजे काळाभोर आरसा आणि त्यावर पांढुरकं, दाणेदार चित्र. निर्णय कमकुवत बाजूवर होतो. एक बाजू डीप आणि दुसरी साधी कॅमिओ असेल तर लेबलवर कॅमिओच. एका बाजूला कॉन्ट्रास्टच नसेल तर काहीच नाही. एनजीसी अशा नाण्याला कधी कधी लेबलवर ताऱ्याची खूण देते. त्यामुळे मागची बाजू आधी बघायची सवय लावा. सीमारेषेवरच्या नाण्यात फ्रॉस्ट (चित्रावरची ही पांढुरकी दाणेदार झाक) मुख्य चित्रावर असतो पण बारीक अक्षरांवर उडालेला असतो, आणि शेरा तिथेच अडतो.

शेरा मिळेल की नाही हे बरंचसं वर्षावर अवलंबून आहे. १९०२ पासून टाकसाळ डायमधलं चित्रही घासू लागली, म्हणून त्यानंतरच्या बार्बर प्रूफमध्ये (चार्ल्स बार्बरच्या चित्राच्या चांदीच्या नाण्यांत) कॉन्ट्रास्ट विरळा. १९३६ ते १९४२ मध्येही तेच, पूर्ण डाय चकचकीत. त्यातही १९३६ चा सेंट आणि बफेलो निकेल (पाच सेंटचं नाणं) दोन झिलयांत आहेत, आधी सॅटिन (मंद, रेशमी चमक) आणि मग ब्रिलियंट (आरशासारखी). १९५० ते १९७० च्या काळात डाय आम्लात बुडवून फ्रॉस्ट आणत, पण तो पहिल्या काही नाण्यांतच झिजून जाई. म्हणून त्याच वर्षाच्या दोन सारख्या अंकांच्या नाण्यांच्या किमतीत मोठी तफावत दिसते. सत्तरच्या दशकात प्रक्रिया सुधारली आणि डीप कॅमिओ ही नेहमीची गोष्ट झाली. तिथे या शेऱ्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. आणखी एक: ग्रेडिंगच्या सुरुवातीच्या वर्षांत हा शेरा सर्रास दिला जात नसे. जुन्या होल्डरवर (स्लॅबवर) कॅमिओ लिहिलेलं नसलं तरी नाणं कॅमिओ असू शकतं. होल्डर फोडून असं नाणं पाठवण्यापेक्षा ते होल्डरसकट पुनर्तपासणीला देणं शहाणपणाचं.

मॅट प्रूफ हा सगळ्यात अवघड भाग. १९०९ ते १९१६ चे लिंकन सेंट आणि १९१३ ते १९१६ चे बफेलो निकेल पहिल्या नजरेत साध्या नाण्यासारखेच वाटतात. खूण असते ती काठात: कडा चौकोनी, धारदार, आतली बाजू काटकोनात, आणि नाण्याची तिसरी बाजू, म्हणजे जाडीची कड, आरशासारखी. जुन्या होल्डरमध्ये नेमकी हीच तिसरी बाजू झाकलेली असते! कड दिसेल अशा खाचांचे होल्डर त्यामुळे कामाचे. सोन्याच्या प्रूफमध्ये १९०८ आणि १९११ ते १९१५ ची नाणी पाडल्यावर त्यांच्यावर बारीक वाळूचा मारा होई. मधल्या १९०९–१० ची सॅटिन, म्हणजे रोमन झिलई. वाळूच्या पृष्ठभागावर हेअरलाइन शोधू नका, उंच जागी चकाकणारे ठिपके शोधा. दाणे दबले की तिथे चमक येते, आणि ती परत घालवता येत नाही.

तांब्याला आणखी एक शेरा: मूळ लाल रंग जवळपास पूर्ण असेल तर आरडी, अर्धवट असेल तर आरबी, गेला असेल तर बीएन. रंग स्लॅबमध्येही बदलू शकतो, म्हणून जुन्या लेबलवरचा आरडी वाचून नव्हे, नाणं बघून पैसे द्या.

पाठवण्याआधी नाण्याला हात लावू नये हेच बरं. पीव्हीसीचा (मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला) हिरवट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढायचं, घासायचं नाही, आणि मायलरच्या पाकिटात ठेवायचं. चांदी उजळवणाऱ्या डिपपासून (रासायनिक द्रावणापासून) लांब राहा. डिप धातूचा वरचा थरच खातो, आरसा उथळ होतो आणि फ्रॉस्ट राखाडी पडतो. पन्नासच्या दशकातल्या प्रूफवरची दुधी झाक काढायची असेल तर ते काम या सेवांच्या संवर्धन विभागाकडेच द्यावं. मात्र झाकेखाली जुन्या हेअरलाइन निघाल्या तर अंक अपेक्षेपेक्षा खाली येतो.