अंधारात ताब्यात दिलेली गाडी आणि हजार पौंडांचं डिपॉझिट

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर थंडीत कॅम्परव्हॅन घेऊन जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं. आमचे हजार पौंड ज्या युक्तीने अडकवले, ती युक्ती हिवाळ्यातच सर्वात सोपी जाते, आणि इंग्लंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबं नाताळच्या सुट्टीत नेमकी याच रस्त्याला निघतात.

इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून उत्तरेला वळसा घालून पुन्हा तिथेच परतणारा हा रस्ता म्हणजे नॉर्थ कोस्ट ५००. २०१५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. नाशिकहून दादा-वहिनी आमच्याकडे लीड्सला आले होते, त्यांना समुद्र बघायचा होता. उन्हाळ्यात या गाड्यांचं भाडं ऐकूनच माणूस मागे फिरतो, हिवाळ्यात ते बरंच उतरतं. एका छोट्या भाडे-कंपनीच्या जाहिरातीत ‘विंटर रेडी’ असं ठळक लिहिलं होतं: हीटर, गरम पाणी, चार जणांची झोपायची सोय. भाडं मी क्रेडिट कार्डाने भरलं. हजार पौंडांचं डिपॉझिट मात्र बँक ट्रान्सफरनेच हवं, अशी त्यांची अट होती. “कार्डावर घेतलं की परत करायला आम्हाला वेळ लागतो, तुमच्याच सोयीसाठी सांगतो,” असं फोनवरचा माणूस फार गोड बोलून गेला.

गाडी ताब्यात द्यायची वेळ ठरली दुपारी चारची. आदल्या दिवशी फोन करून मी सकाळची मागितली, तर “आधीचं बुकिंग आहे, धुवायची आहे” असं उत्तर आलं. डिसेंबरअखेरीस इन्व्हर्नेसला सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो आणि सकाळी उगवतो नऊच्या आसपास. आम्ही पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता, पाऊस आडवा मारत होता आणि अंगणात एकच दिवा होता. तिथल्या मुलाने टॅबलेट पुढे केला, ‘नोंदवलेल्या ओरखड्यांव्यतिरिक्त गाडी सुस्थितीत’ या ओळीखाली सही मागितली. आम्ही टॉर्च लावून चारी बाजूंचे, टायरचे, आतले फोटो काढले. छताचा फोटो जमिनीवरून निघत नाही. शिडी मागितली तर “पावसात शिडीवर चढू देत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे” म्हणाला. आणि गाडी परत करायची वेळ? सकाळी आठच्या आत, चावी पेटीत टाकून. म्हणजे घेताना अंधार, देताना अंधार, आणि देताना समोर माणूसही नाही.

आम्ही पूर्व किनाऱ्याने वर गेलो. गॉल्स्पी, हेल्म्सडेल, बेरीडेलचा तो तीव्र चढ-उतार, मग विक, जॉन ओ’ग्रोट्स, आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वात उत्तरेकडचं टोक डनेट हेड. किनारा अप्रतिम आहे, हे मला मनापासून सांगायचंय. कड्याखाली लाटा फुटतात तेव्हा तुषार वरपर्यंत येतात, आणि दुपारी दोनलाच उजेड सोनेरी व्हायला लागतो. वहिनी तर गाडीत परत यायलाच तयार नव्हत्या. या जागेबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

रात्री पारा शून्याखाली गेला आणि गॅसवरचा हीटर बंद पडला. पंखा फिरत होता, हवा थंडगार, पॅनेलवर लाल दिवा लुकलुकत होता. बाहेरच्या कप्प्याचं दार उघडून पाहिलं तर आत निळ्या रंगाची गॅसटाकी. इथे राहणाऱ्यांनाही हे फारसं ठाऊक नसतं, म्हणून नीट सांगते. ब्रिटनमध्ये घरोघरी दिसणाऱ्या कॅलर कंपनीच्या टाक्यांमध्ये निळी टाकी ब्यूटेनची आणि लाल टाकी प्रोपेनची. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरासा खाली आहे, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत टाकी भरलेली असली तरी त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. हिवाळ्यात गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. ब्यूटेन ठेवून ‘विंटर रेडी’ लिहिणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

बऱ्याच खटपटीनंतर फोनला रेंज मिळाली. पलीकडून सल्ला काय आला, तर “शेगडीचे दोन्ही बर्नर बारीक करून ठेवा, गाडी उबदार राहते.” हे ऐकून मला अजूनही संताप येतो. बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेलं माणूस उठतच नाही. त्या गाडीत त्याचा अलार्मही नव्हता. भिंतीवर स्क्रूची दोन भोकं होती, भोवती धूळ न बसलेला गोल डाग होता, अलार्म काढून नेलेला. शेगडी आम्ही पेटवली नाही. रात्रीच थर्सो गाठून एका बी अँड बीचं, म्हणजे न्याहारीसह खोली देणाऱ्या घरगुती लॉजचं, दार ठोठावलं. दुसऱ्या दिवशी गॅसवाल्याकडे लाल टाकी होती, पण तिची जोडणी वेगळ्या प्रकारची असते आणि ती नळी गाडीत नव्हती. शेवटी विजेचा छोटा हीटर विकत घेतला आणि वीजजोडणी असलेल्या कॅम्पसाइट शोधत डर्नेसपर्यंत गेलो. त्याही मोजक्याच, कारण इथल्या बऱ्याच कॅम्पसाइट ऑक्टोबरच्या आसपास बंद होतात त्या वसंतातच उघडतात.

गाडी सांगितल्याप्रमाणे आठच्या आत उभी केली. काही दिवसांनी ईमेल आला: छतावरची स्कायलाइट तडकलेली आहे, झाडाची फांदी लागलेली दिसते, बदलायचा खर्च, मजुरी आणि तेवढे दिवस गाडी भाड्याने देता न आल्याचं नुकसान धरून पूर्ण डिपॉझिट जप्त. सोबत एक फोटो.

तो फोटो दादाने मोठा करून पाहिला. तडा होता, खराच होता. पण स्कायलाइटच्या काळसर प्लॅस्टिकमध्ये वरच्या झाडाचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि ते झाड हिरव्यागार पानांनी भरलेलं होतं. जानेवारीत हायलँडमध्ये पानझडीच्या झाडावर एक पान राहत नाही. म्हणजे तो तडा उन्हाळ्यापासूनचा. एकाच तड्याचे पैसे अंधारात गाडी नेणाऱ्या किती जणांकडून वसूल केले असतील, देव जाणे. त्यात आम्ही जिथे फिरलो तो केथनेसचा किनारा जवळजवळ झाडांविना आहे. फांदी लागायला आधी झाड तर हवं!

आम्ही हे लिहून पाठवलं, तर उत्तरच नाही.

आता पैशांचं, कारण खरी मेख इथे आहे. बँकेने ट्रान्सफरबद्दल हात वर केले. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये बँक ट्रान्सफरच्या फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई देणं बँकांना बंधनकारक आहे, पण ते खोटा माणूस, अस्तित्वात नसलेली गाडी अशा प्रकरणांत. कंपनी खरी, गाडी खरी आणि भांडण नुकसानीवरून असेल तर बँक त्याला दिवाणी वाद म्हणते आणि तो नियम लागू होत नाही. डिपॉझिट ट्रान्सफरनेच का हवं होतं, ते तेव्हा लख्ख कळलं.

आम्हाला तारलं ते भाडं क्रेडिट कार्डाने भरल्याने. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून जास्त आणि ३० हजारांपर्यंत किमतीच्या व्यवहारात विक्रेत्याने करार मोडला तर कार्ड देणारी कंपनीही तितकीच जबाबदार असते, आणि रकमेचा काही भागच कार्डाने भरला असला तरी. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, करार, निळ्या टाकीचा आणि त्या दोन भोकांचा फोटो, बी अँड बीचं बिल आणि हिरव्या पानांचा तो फोटो असं सगळं एकत्र पाठवलं. भाड्याने दिलेली वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे आणि त्या कामाला योग्य असली पाहिजे, असं २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट सांगतो, तेही पत्रात लिहिलं. कार्ड कंपनीने बराच पत्रव्यवहार करायला लावला, पण डिपॉझिट, बी अँड बीचा खर्च आणि भाड्याचा काही भाग मिळाला. पत्र कसं लिहायचं हे ग्राहकांना सल्ला देणाऱ्या ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड या संस्थेच्या ०८०८ १६४ ६००० या मोफत क्रमांकावर समजावून सांगितलं. तिथूनच कळलं की कार्डाचा मार्ग नसता तर स्कॉटलंडच्या शेरिफ कोर्टात पाच हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यासाठी ‘सिंपल प्रोसीजर’ नावाची सोपी प्रक्रिया आहे, त्याला वकील लागतोच असं नाही.

भारतातून बुकिंग करणाऱ्यांनी ध्यानात घ्या: कलम ७५ भारतातल्या बँकेच्या कार्डाला लागू होत नाही, आणि परदेशातून पाठवलेल्या ट्रान्सफरला तो ८५ हजारांचा नियमही नाही. कार्डाने भरलेत तर निदान तुमच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. जाहिरातच खोटी निघाली तर १९३० या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आणि बुकिंग पक्कं करण्याआधी चार गोष्टी ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको: टाकी प्रोपेनची आहे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे, डिपॉझिट कार्डावरच रोखून ठेवतील, आणि गाडी उजेडात देतील-घेतील, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, समोर माणूस असताना. छताचा व्हिडिओ सेल्फी स्टिकला फोन लावून सहज निघतो, शिडी लागत नाही. यातल्या एकाही गोष्टीला आढेवेढे घेतले तर दुसरी गाडी बघा. हिवाळ्यात रिकाम्या गाड्या भरपूर असतात.