दिवसभराची सहल आणि जुन्या वास्तू: पेन्सिल, पेन की जलरंग?

सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं आणि मधल्या वेळात एखादा जुना बुरूज किंवा पूल वहीत उतरवायचा, असं ठरलं की पिशवीत काय टाकायचं हा प्रश्न येतो. बहुतेक जण इतरांची पूर्ण झालेली चित्रं पाहून साधन निवडतात. माझ्या मते ते हाताशी असलेल्या वेळावरून निवडावं. तिथे वीस मिनिटं मिळणार आहेत की दोन तास? सोबतची मंडळी थांबणार आहेत का? ऊन-सावली तर कुणासाठीच थांबत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे कमानीखाली काढायला घेतलेली सावली चित्र संपेपर्यंत भलतीकडेच गेलेली असते.

घाईच्या सहलीत पेन्सिलीला तोड नाही. २बी आणि ४बी अशा मऊ, गडद शिशाच्या दोन पुरतात. एचबीची रेघ फिकी पडते, मग आपण दाबून काढतो आणि कागदावर चर उमटतो. पडझड झालेल्या भिंतीसाठी तर पेन्सिल फारच गुणी. शिसं आडवं धरून घासलं की कागदाचा खडबडीतपणाच दगडाचा पोत होतो, आणि जिथे गिलावा निखळलाय तिथे फक्त कडेला एक गडद रेघ दिली की पुरे. शिवाय अनेक संग्रहालयांच्या दालनांत शाई आणि रंग चालत नाहीत, पेन्सिल मात्र चालते. उणीव एकच: चित्र घासून पसरतं. पिशवीत पानं एकमेकांवर घासून संध्याकाळपर्यंत घुमटाचा ढग होतो. पानांमध्ये बटर पेपर ठेवा आणि वहीला रबरबँड लावा.

पेन हे कोरीवकामाचं साधन. जाळीच्या खिडक्या, महिरपी, खांबांवरची नक्षी यांना ०.३ मिलिमीटरच्या टोकाची ठाम रेघ शोभते. खोडता येत नाही, याची नवख्यांना धास्ती वाटते; पण त्यामुळेच रेघ मारण्याआधी आपण नीट बघतो. वीस खिडक्या असल्या तर दोन नीट काढायच्या आणि बाकीच्या नुसत्या सुचवायच्या, ही निवड पेनच शिकवतं. प्रमाण चुकलं तर मात्र सुटका नाही. म्हणून आधी हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेनानेच उंची आणि रुंदी मापून घ्या आणि वहीत चार ठिपके ठेवा.

शाई घेताना ती वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही ना, हे पाहा. पिगमेंट शाई टिकते, साधी डाय शाई पाणी लागताच पसरते. एका जुन्या पुलाचं तासभर खपून केलेलं रेखाटन मी असंच गमावलंय. नदीसाठी निळ्या रंगाचा हात फिरवला आणि तिन्ही कमानी विरघळल्या. तेव्हापासून नवीन पेन आणलं की आधी कोपऱ्यात रेघ मारून ओलं बोट फिरवून बघतो. लाखमिश्रित इंडिया इंक मात्र फाउंटन पेनात कधीच भरू नका, आतून चोंदतं.

जलरंगांचा मोह सगळ्यांनाच असतो, आणि तो रास्त आहे. संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेला दगड आणि त्याच्या सावलीतला निळसरपणा दुसऱ्या कशातच येत नाही. पण त्यासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद हवा, पातळ कागद फुगून लाटा धरतो. पाणी हवं, टेकायला जागा हवी, आणि एक थर वाळेपर्यंत थांबायची तयारीही हवी. दमट हवेत तर ही वाट पाहणं फारच लांबतं. दिवसात एकच जागा पाहायची असेल तर जरूर न्या. तीन जागा असतील तर डबी घरीच राहू द्या.

इंग्रज चित्रकार टर्नर १८१९ साली इटलीत फिरत होता तेव्हा त्याचाही हिशेब असाच होता: एका रंगीत चित्राच्या वेळात पेन्सिलीची १५-१६ रेखाटनं होतात. त्याच्या सुमारे ३०० वह्या लंडनच्या टेट संग्रहात आहेत आणि त्यांत पेन्सिलीची झटपट टिपणं पानोपानी भरली आहेत. रंग त्याने बरेचदा मागाहून, मुक्कामी बसून भरले.

याउलट, गॅब्रिएल कँपानारिओने २००७ मध्ये सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या रेखाटनकारांच्या समूहाचा आग्रह जागेवरच, समोर पाहून काढण्याचा आहे. रेघेपुरता तो आग्रह मला शंभर टक्के पटतो. फोटोत उभ्या भिंती आत कलतात आणि सावल्या काळ्याठिक्कर होतात, ते पाहून काढलेली वास्तू निर्जीव वाटते. रंगाबाबत मी सैल आहे. चित्राच्या कडेला ‘इथे गेरू, वर राखाडी-हिरवा’ असं लिहून आणलं तर रात्री घरी रंगवायला हरकत नसावी.

पहिल्यांदाच निघत असाल तर ४बी पेन्सिल आणि हातात मावेल एवढी जाड पानांची वही घ्या. पाचसहा सहली झाल्या, प्रमाण जमू लागलं की पेन घ्या. रंग त्यानंतर, आणि तेही सहा वड्यांची डबी व दांड्यात पाणी भरायचा ब्रश, एवढंच. कोणतंही साधन असो, बसल्याबसल्या आधी सावलीची कड आखून घ्या, तपशील नंतर.