पेसमेकरची बॅटरी वाचवायची तर: ठरावीक व्होल्टेज की 'ऑटो'?

पेसमेकर बसवून तीनेक महिने झाले की तपासणीत हा प्रश्न निघतोच. हृदयात सोडलेल्या तारेच्या टोकाशी सुरुवातीला सूज असते, म्हणून ठोक्याचं व्होल्टेज बहुधा ३.५ ठेवलेलं असतं. सूज उतरली की एवढ्याची गरज उरत नाही. मग डॉक्टरांकडून एक आकडा ठरवून घ्यायचा, की डबीला (म्हणजे पेसमेकरला) 'ऑटो'वर सोडून तिचं तिलाच ठरवू द्यायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

('नुसता सेल बदलता येत नाही का?' असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. नाही येत. बॅटरी डबीतच सीलबंद असते; ती संपली की अख्खी डबी बदलतात, तार धड असेल तर तीच ठेवतात. पण जुनी शिवण पुन्हा उघडायची, आणि त्या वेळी जंतुसंसर्गाची भीती पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून हा आटापिटा.)

ठोक्यामागची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. ३.५ चे २ केले की ती तिसऱ्या हिश्शावर येते. शिवाय लिथियम-आयोडीन बॅटरी नवी असतानाच २.८ व्होल्टची, त्याच्या वर जायचं तर आतल्या सर्किटला व्होल्टेज चढवून द्यावं लागतं, त्यातही खर्च होतो. त्यामुळे मोठी बचत ३.५ वरून २ वर येण्यातच होते. त्याखाली कितीही कोरलं तरी सर्किट स्वतः जे खातं ते खातंच.

माझा थ्रेशोल्ड, म्हणजे हृदय जेमतेम दाद देईल एवढं व्होल्टेज, ०.७५ होता. दुपटीचा नियम लावला तर १.५, डॉक्टरांनी जरा सैल हाताने २ ठेवलं. प्रोग्रामरवरचा (तपासणीच्या यंत्रावरचा) बॅटरीचा अंदाज सात वर्षांवरून साडेनऊवर गेला. पुढच्या खेपेला ऑटो लावून पाहिलं, तर दहा. अर्ध्या वर्षाचा फायदा, तोही कागदावरचा.

आणि त्याबदल्यात रात्री. ऑटोमध्ये डबी थ्रेशोल्ड स्वतःच तपासते, माझी रात्री एकच्या सुमारास. त्यासाठी ती ठोक्यांचा वेग थोडा वाढवते, हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या ठोक्यांमधला वेळ कमी करते, आणि व्होल्टेज उतरवत नेते. एखादा ठोका चुकलाच तर मागोमाग राखीव ठोका देते, त्यामुळे धोका नाही. बहुतेकांना काही कळतही नाही म्हणे. मला कळायचं. छातीत चार-पाच विचित्र उसळ्या, की मी टक्क जागा. हिला उठवावं की पडून राहावं, या विचारात दोन वाजायचे. पहिल्या आठवड्यात तर सरळ दवाखान्यात जायला निघालो होतो. हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, असं मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या तपासणीत ऑटो काढून टाकलं.

ऑटोची बाजूही मांडली पाहिजे. पोटॅशियम वरखाली झालं किंवा ठोक्यांच्या अनियमिततेवरची काही औषधं सुरू झाली तर थ्रेशोल्ड चढू शकतो. ठरावीक आकडा तिथेच बसून राहतो. ऑटो सावरून घेतं. तालुक्याच्या गावाहून वर्षातून एकदाच शहरात येणं जमत असेल, तर कदाचित तेच बरं. ज्यांचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवरच चालतं, त्यांनी तर बचतीचा हट्ट न धरता थ्रेशोल्ड आणि व्होल्टेज यांत डॉक्टर म्हणतील तेवढं अंतर राखावं.

मला दर सहा महिन्यांनी जाणं जमतं. कंपनीचा माणूस प्रोग्रामर घेऊन यायला उशीर करतो, तास-दीड तास बाकावर जातो, पण तो दिवसाढवळ्या. आकडा अजून २ वरच आहे, थ्रेशोल्डही तिथल्या तिथे.

तरीही ऑटोच घेणार असाल, तर निघण्याआधी एवढं विचारून घ्या: चाचणी किती वाजता होते, आणि ती वेळ बदलता येते का. मला हे अकरा रात्रींनंतर सुचलं.