बंद घरावरचा सोलर सिमकार्ड कॅमेरा: मार्च ते डिसेंबरचा अनुभव

जागा गुहागर तालुक्यातली, समुद्र दीड किलोमीटरवर. घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, गणपती-शिमगा सोडला तर बंदच. वायफाय नाही. अशा घरासाठी सध्या जो तो सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा सुचवतो. हा ४,८०० रुपयांना पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच ॲपवर दहा नावांचे कॅमेरे चालतात, त्यामुळे नाव बदललं तरी दुखणी तीच राहतात.

पहिलं दुखणं खोक्यावरच छापलेलं आहे: बॅटरी १५,६०० एमएएच (बॅटरीत वीज किती साठते त्याचं माप). मागचे चार स्क्रू काढले की आत १८६५० मापाचे तीन सेल दिसतात. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साधारण ३,५०० चा येतो, म्हणजे तिघांचे मिळून साडेदहा हजारांच्या वर जाणारच नाहीत. इथे तर प्रत्येकावर २,६०० लिहिलंय. बेरीज ७,८००, खोक्यावरच्या आकड्याच्या बरोबर निम्मी. याला छपाईची चूक म्हणायचं असेल तर म्हणा.

मार्च ते मे बॅटरी शंभरवरून हलली नाही, तेव्हा त्या दिवसांत लिहिलेल्या कौतुकांवर जाऊ नका. खरी परीक्षा मृग लागल्यावर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात १०० टक्के होती, जुलैच्या मध्यावर १२. कारणं दोन. दाट ढगाळ दिवसात पॅनेल आपल्या क्षमतेच्या दहा-वीस टक्केच देतं, हे एक. दुसरं म्हणजे पॅनेल लावणारा ते सवयीने दक्षिणेकडे चांगलं तिरकं करतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर साधारण ८ मे ते ४ ऑगस्ट दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो, म्हणजे नेमक्या पावसाळ्यात पॅनेल त्याच्याकडे पाठ करून बसतं. उतार दहा-पंधरा अंशांवर आणल्यावर घसरण थांबली. अगदी सपाट मात्र ठेवू नका, कावळ्यांची घाण आणि आंब्याचा पाला पावसाने धुऊन जायला थोडा उतार लागतोच.

बसवताना कॅमेरा आणि पॅनेल वेगळे होतील असंच मॉडेल घ्या. पॅनेल उन्हात, कॅमेरा पडवीत. पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतीवर झड थेट येते, ती टाळायची. 'आयपी ६६' या धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जावर फार विसंबू नका. त्या चाचणीत गोड्या पाण्याचा जोरदार फवारा काही मिनिटं मारतात. चार महिन्यांचा दमटपणा आणि खारा वारा तिच्यात येत नाही. पॅनेलची तार कॅमेऱ्यात शिरते तिथे खाली वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून ठिबकेल. पिनेवर सिलिकॉन ग्रीस लावा. ते न लावलेल्या पिनेवर ऑगस्टमध्ये हिरवी पूड जमली होती, आणि ॲप नुसतं 'चार्ज होत नाही' म्हणत राहिलं.

खोक्यातले स्क्रू आणि प्लग फेकून द्यावेत असेच. चिरा सच्छिद्र असतो. सहा मिलिमीटरचं भोक पाडायला गेलं की कडा ढासळून ते आठचं होतं आणि प्लग नुसता फिरतो. भोक फुंकून साफ करायचं, सिमेंटचा दाट गिलावा भरायचा, त्यात प्लग दाबून एक दिवस सोडायचा, मगच स्क्रू पिळायचा. स्क्रू स्टेनलेस ३१६ चे. ३०४ चे समुद्राच्या इतक्या जवळ चहासारखे डाग धरतात, आणि खोक्यातल्या मुलाम्याच्या स्क्रूंना तर एका पावसातच तांबेरा चढला.

हालचाल ओळखणारा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या वातावरणाची उष्णता यांतला फरक टिपतो. मे महिन्याच्या दुपारी तो फरकच उरत नाही, आणि दहा मीटरचा दावा चार-पाचवर येतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा लवकर कळतो, म्हणून रोख बेड्यावर (कुंपणाच्या दारावर) सरळ न ठेवता खळ्यातून (अंगणातून) आडवं जाणारं माणूस सापडेल असा ठेवा, उंची सव्वादोन ते अडीच मीटर. तरीही गुरं, वानर आणि तापलेली हलती पानं दिवसाला शंभर इशारे देतात. एका इशाऱ्याला वीस सेकंदांचं चित्रण धरलं तर शंभरांत बॅटरीचे दोन टक्के जातात. पावसाळ्यात सेन्सर 'कमी'वर आणून ठेवायचा. रात्री पडदा पांढराफटक दिसला तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. काचेपुढे कोळ्याने जाळं विणलेलं असतं आणि इन्फ्रारेडचा उजेड त्यावर आपटून परततो. शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा केरसुणी फिरवायला सांगणं, एवढाच उपाय.

सिमचा हिशेब आधी करा. हलक्या दर्जाचं थेट चित्र सेकंदाला एक मेगाबिट घेतं, तासाला साधारण ४५० एमबी. एचडी दुप्पट. रिचार्जचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. तीनशेचा धरला तर ३,९००. दुसऱ्या वर्षापर्यंत कॅमेऱ्यापेक्षा सिम महाग पडतं. घ्यायच्या आधी कोणते बँड (मोबाइल लहरींचे पट्टे) चालतात ते बघा: जिओसाठी ५, एअरटेलसाठी ८. डोंगराआडच्या वाडीत लांबवर पोचणारे तेच, आणि आयात मालात कधी कधी तेच नसतात.

इथवर सगळं हाताने सुधारता येण्यासारखं. कंपनीने स्वतःकडे ठेवलंय त्याला मात्र इलाज नाही. मोबाइल सिमला बाहेरून थेट पोचता येत नाही, त्यामुळे स्वतःच्या खळ्याचं चित्र बघायलाही वाट कंपनीच्या सर्व्हरवरूनच जाते. तो बंद पडला की भिंतीवर उरतं प्लास्टिक. कॅमेऱ्यात आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ नाही, म्हणजे दुसरं ॲप वा रेकॉर्डर जोडायची सोय नाही. महिनाभर फुकट असलेली 'माणूस ओळखा' ही सोय नंतर वर्गणीत गेली, आणि इशाऱ्यासोबत येणारा फोटोही तिच्यासोबत गेला. आता फक्त 'हालचाल झाली' एवढं येतं. वानर की माणूस, ते बघायला आत जा, डेटा खर्च करा. वर्गणी न भरता मेमरी कार्डावर चित्रण होतं, तेवढ्यावर भागवता येतं. टॉवर बंद पडला तरी कार्डावर चित्रण चालू राहतं, ही जमेची बाजू. विजेच्या तारेला जोडलेला नाही, म्हणून वळवाच्या विजांत राउटर जळतात तसा हा जळत नाही, हीसुद्धा.

नोंदणी घरमालकाच्याच नंबरावर करा. मुंबईच्या भाच्याने आपल्या खात्यावर जोडून दिला आणि पुढे त्याचा नंबर बदलला, तर रीसेटचं बटण दाबून काही होत नाही. जुन्या खात्यातून काढल्याशिवाय कॅमेरा नव्या खात्याला जोडत नाही. जुना विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हे समोर करून घ्यावं. नवा घेताना खोक्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, आणि बॅटरीच्या खोट्या आकड्यावर तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५; सेलच्या छापाचा आणि खोक्याचा फोटो एकाच चौकटीत काढून ठेवा.