हृदयपेशी निवडायच्या कशा: अँटिबॉडीने की लॅक्टेटने?

स्टेम सेलपासून (निरनिराळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या मूळ पेशींपासून) हृदयाच्या स्नायूपेशी वाढवल्या की डिशमध्ये नको त्या पेशीही येतातच. रूपांतर न झालेल्या स्टेम सेल त्यात राहून गेल्या, तर रुग्णाच्या शरीरात टेराटोमाची (वेगवेगळ्या ऊतींची सरमिसळ असलेली) गाठ होऊ शकते. म्हणून ही निवड अतिशय गांभीर्याने करायला हवी.

2011 मध्ये सिर्पा हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन हृदयपेशींची खूण म्हणून पुढे आले. त्याला अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू, चिकटवायची आणि सॉर्टरमधून, म्हणजे खुणेवरून पेशी निवडणाऱ्या यंत्रातून, पेशी वेगळ्या करायच्या. काम काही तासांचे. पण त्याआधी एकत्र धडधडणारा थर एकेक पेशी सुटी होईपर्यंत मोडावा लागतो, त्यात बऱ्याच पेशी दगावतात. कोट्यवधी पेशी हव्या असतील तर सॉर्टर पुरा पडत नाही.

जपानच्या केइओ विद्यापीठातल्या गटाने 2013 मध्ये वेगळीच वाट दाखवली. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातून ग्लुकोज काढायचे, लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे रूप) घालायचे. स्टेम सेल ग्लुकोजवाचून उपाशी मरतात. हृदयपेशी लॅक्टेट मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) जाळून तगतात. शुद्धता 99 टक्क्यांपर्यंत गेली! दिवस जास्त लागतात, मेलेल्या पेशींचा गाळ धुवावा लागतो, आणि फार ताणले तर हृदयपेशीही थकतात. तरी उपचारासाठी माझा कौल लॅक्टेटलाच. त्याच दिवशी पेशी हव्या असतील तर मात्र सॉर्टर.