ठाण्यातला चर्चचा मॅरेज प्रिपरेशन कोर्स : ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते वाचा

कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचंय तर ह्या कोर्सचं सर्टिफिकेट लागतंच, त्यामुळे आपल्यातली बरीच जोडपी लर्निंग लायसन्सची परीक्षा उरकावी तसा हा कोर्स उरकतात, मागच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघत. तसं करू नका, पैसे आणि वीकेंड दोन्ही वसूल होतात. आम्ही ठाण्यातल्या एका पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) हॉलमध्ये केला, होणारा नवरा नेरूळहून ट्रान्स हार्बर लोकलने यायचा. पॅरिशचं नाव मुद्दाम देत नाही कारण स्पीकर बाहेरून येतात आणि बदलत राहतात. भाषा जास्त करून इंग्लिश, मराठी बॅच हवी असेल तर आधी फोन करून विचारा नाहीतर गावाकडून आलेल्या पोरापोरींची पंचाईत होते, आमच्या बॅचला झाली.

सुरुवात फादरनी केली आणि मस्त केली. लग्न लागतं ते दोघांच्या होकाराने, तो होकार तुमच्या वतीने दुसरं कोणीच देऊ शकत नाही, आणि धाक दाखवून घेतलेला असेल तर चर्चच्या लेखी ते लग्नच नाही, हे इतकं सरळ सांगितलं की माझ्या शेजारची मुलगी एकदम ताठ बसली.

आता कापलेला स्टार. 'नवरा-बायकोचे रोल' ह्या विषयावर एक अंकल आले. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय उघडला आणि वाचायला सुरुवात कुठून, तर २२ व्या ओवीपासून (ओवी म्हणजे वचन), बायकांनो नवऱ्याच्या अधीन राहा. नवरा हेड, बायको हार्ट वगैरे, सगळं नेहमीचंच. त्याच्या बरोब्बर वरची २१ वी ओवी एकमेकांच्या अधीन राहा म्हणते आणि २५ वी नवऱ्याला सांगते की ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिलं तसं प्रेम कर, म्हणजे खरं तर जास्त कठीण काम नवऱ्याला दिलंय! माझ्या होणाऱ्या नवऱ्याने हात वर करून विचारलं, अंकल २१ पासून का नाही वाचलं, तर म्हणे टाईम कमी आहे. मग बायबलमधल्याच नीतिसूत्रे पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री आली, पहाटे उठणारी, घरच्यांना जेवू घालणारी. तीच बाई त्याच अध्यायात शेत बघून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, ते गायब.

हे मी काही बाहेरून उचलून आणलेलं नाहीये. पोप जॉन पॉल दुसरे १९८८ च्या स्त्रियांवरच्या पत्रात लिहून गेलेत की ही अधीनता दोघांनी एकमेकांची आहे, पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिलंय की घरकाम केल्याने पुरुष कमी पुरुष होत नाही, आणि भारतातल्या बिशपांनी तर २०१० लाच जेंडर पॉलिसी काढलीय. म्हणजे चर्च पुढे गेलंय, आमचे अंकल अजून २२ व्या ओवीवरच.

पण वकील आंटींचं सेशन! फक्त त्यासाठी तरी जा. १८६९ च्या आपल्या ख्रिश्चनांच्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोला व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी अजून दाखवावं लागायचं, मुंबई हायकोर्टाने १९९७ ला हा भेदभाव घटनेविरुद्ध ठरवला आणि २००१ ला संसदेने कायदाच बदलला. म्हणजे माझ्या आईच्या लग्नात हाच जुना कायदा चालू होता, आणि घरात कोणी बोललं नाही कधी. चर्चने लग्न रद्द ठरवलं तरी कोर्टात ते चालत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा निकाल आहे, आणि उलट नुसत्या कोर्टाच्या घटस्फोटावर चर्चमध्ये दुसरं लग्न लागत नाही, हे पण तिथेच कळलं.

मग त्यांनी मुलींना विचारलं, वडिलांच्या घरात तुमचा हिस्सा किती? हॉल गप. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे ख्रिश्चन माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायको-मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलगा मुलगी सगळ्यांना सारखं. आता आपल्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिश्चनांच्या) गावठाणांत काय होतं ते सगळ्यांना माहितीय, बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात, भाऊ जेवण घालतो, विषय संपला. आंटी म्हणाल्या सही करायची तर करा पण काय सोडताय ते वाचून करा. माझ्या मते अख्ख्या कोर्समध्ये स्त्रीच्या मोठेपणावर ह्यापेक्षा चांगलं कोणी बोललं नाही, आणि आंटींनी मोठेपणा हा शब्दसुद्धा वापरला नव्हता.

डॉक्टरांचं नैसर्गिक कुटुंबनियोजनाचं सेशन ओके, लांबलं जरा, पण पाळीच्या दिवसांचा चार्ट मुलांना पण भरायला लावला ते आवडलं. शेवटी एक वयस्क जोडपं आलं, आंटी रिटायर्ड नर्स, त्यांच्या नाईट ड्युट्यांमुळे अंकल जेवण बनवायला शिकलेले. अंकल कौतुकाने सांगत होते तर आंटींनी मधेच तोडलं, "भांडी घासायचा, पण ओटा कधी पुसला नाही ह्याने." सगळ्यात जास्त टाळ्या ह्याला.

फीडबॅक फॉर्म देतात, त्यात लिहा, आम्ही दोघांनी '२१ व्या ओवीपासून वाचा' असं लिहून दिलंय. जेवण साधं पण गरम, चहा पाणचट. मे आणि डिसेंबरच्या लग्नांआधीच्या बॅच लवकर भरतात, बाप्तिस्म्याचा दाखला आधीच काढून ठेवा, आणि गाडी आणू नका, पार्किंग नाहीये, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते.