डक्ट कूलर, पंधरा महिने वापरून: जाळीला स्क्रू मागा, रिव्हेट नको

२०२५ साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. सकाळी घागर भरून झाली, पितरांचा नैवेद्य झाला आणि दुपारी मागच्या खोलीत पंगत बसली. दोन्ही नणंदा, त्यांची मुलं, सासरे. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. बाहेर अंगाची लाही होत होती. मोठ्या नणंदबाई, आमच्या आक्का, म्हणाल्या, "आठे हवा येस नही का वं?" (इथे हवा येत नाही का गं?) मी उठले आणि कूलरची हवा त्या खोलीत सोडणाऱ्या जाळीची पट्टी उघडली. वर्षभर ती बंदच होती, कारण एरवी आम्ही सगळे पुढच्या खोलीत झोपतो.

एक क्षण काहीच झालं नाही. मग आतून खरखर आली आणि जाळीतून काळपट पापुद्रे सरळ पंगतीवर पडले. चार वाट्यांतल्या रसावर ते तरंगताना मी पाहिले. सोबत ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. आक्कांना दमा आहे. त्या पदर तोंडाला लावून अंगणात गेल्या आणि अर्धा तास आत आल्या नाहीत. माहेरी आलेल्या लेकीला आखाजीच्या भरल्या ताटावरून उठावं लागलं, हे मला अजून सलतं. म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही अमळनेरला राहतो, बोरी नदीपासून फार लांब नाही. कूलर मार्च २०२४ मध्ये घेतला. लोखंडी, अठरा इंची पंखा, तीन बाजूंना हनीकोंब पॅड. मागच्या भिंतीला बाहेरून ब्रॅकेटवर बसवलाय. तिथून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचा डक्ट, म्हणजे हवेची नळी, पोटमाळ्यावरून चौदा फूट आत येतो आणि त्याला दोन फाटे फुटतात, एक पुढच्या खोलीला, एक मागच्या. कूलर १३,५०० आणि डक्टसह बसवणी ७,२००, एकाच पावतीवर. ही एकाच पावतीची गोष्ट पुढे कामाला आली.

गारव्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा कूलर खोली खरोखर गार करतो, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली तर. खिडकी बंद केली की दमट होतं आणि लोक कूलरला नावं ठेवतात. दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट जातं, त्याच्या तुलनेत पंखा आणि पंप मिळून फार थोडं खातात. आमच्या बिलावर फरक दिसला. आवाज ठीक. मोटार एकदाही बिघडली नाही. पहिल्या उन्हाळ्यानंतर कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून घ्या म्हणाले असते.

आता रिव्हेटबद्दल. आमच्या दोन्ही जाळ्या डक्टच्या तोंडाला आठ-आठ रिव्हेट मारून बसवल्यात. रिव्हेट एकदा मारला की तो उलटा फिरत नाही, ड्रिलने डोकं उडवल्याशिवाय निघत नाही. म्हणजे जाळी कायमची जखडलेली. आणि मधल्या चौदा फुटांत हात घालायला एकही झाकण नाही. पाण्याच्या टाकीला झाकण असतं, गटाराला चेंबर असतं, कणगीलासुद्धा खाली धान्य काढायला तोंड असतं. मग ज्या नळीतून घरातली सगळी माणसं रात्रभर श्वास घेतात, ती उघडताच येऊ नये? स्क्रू लावला असता तर असा कितीसा खर्च वाढला असता? सोळा स्क्रूंचे सोळा-वीस रुपये. एकवीस हजारांच्या कामात वीस रुपये वाचवले आणि त्यापायी मला आखाजीचा रस मोरीत ओतावा लागला.

पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. उत्तर मिळालं, "ताई, वॉरंटी मोटारीची असते, पत्र्याची नाही." मी पावती पुढे केली, त्यावर 'डक्टसह बसवणी' असं त्यांच्याच अक्षरात होतं. मग म्हणाले, डक्टवाला वेगळा, त्याच्याशी बोला. डक्टवाला म्हणाला, दुकानाने सांगितलं तसं केलं. आठ फोन आणि अकरा दिवसांनी एक मुलगा आला. त्याच्या हातात फक्त ॲल्युमिनियमची टेप होती. जाळीच्या कडेला टेप मारून तो निघाला होता. मी त्याला म्हटलं, दादा, घाण कडेने येत नाही, आतून येते. बिचारा मुलगा काय करणार, त्याला जे दिलं ते त्याने आणलं. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग ह्यांनी जळगावहून एक साफसफाईवाला बोलावला. ३,८०० सांगितले. त्याच्याकडे चांगला ताकदीचा व्हॅक्यूम होता, हे खरं. पण जाळी निघत नाही म्हटल्यावर त्याने जाळीच्या पात्यांमधून नळी घातली, जेवढी जाईल तेवढी, म्हणजे फूटभर. बाकीचे तेरा फूट तसेच. वर म्हणाला, ९०० रुपयांत आत जंतुनाशक फवारून देतो, वास जाईल. मी नाही म्हटलं. धुळीच्या थरावर औषध फवारलं तर धूळ ओली होते, नाहीशी होत नाही, आणि ते औषध नंतर आम्हीच हुंगणार. बऱ्याच घासाघिशीनंतर १,२०० देऊन त्याला रवाना केलं.

तेव्हा पुतण्याने एक माहिती काढून दिली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरातले डक्ट साफ करावेत का यावर १९९७ साली एक पुस्तिका काढली होती. डक्ट साफ केल्याने आजारपण टळतं हे सिद्ध झालेलं नाही, दरवर्षी उठून साफ करायची गरज नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. आत बुरशी डोळ्यांनी दिसली, उंदीर किंवा किड्यांनी घर केलं, किंवा धूळ इतकी साचली की जाळीतून खोलीत येऊ लागली, तरच करा. औषधं फवारण्याबद्दलही सावध केलंय. मला हे पटलं. फक्त एक फरक धरायला हवा. तिकडचे डक्ट बहुतेक घरातलीच हवा फिरवतात. आपला कूलर सतत बाहेरची हवा ओढतो, म्हणून आपल्याकडे धूळ लवकर भरते.

शेवटी काम केलं ते गल्लीतल्या वेल्डरने. त्याने ड्रिलने सोळाच्या सोळा रिव्हेट उडवले, पाऊण तासात. पोटमाळ्यावर डक्टच्या बाजूला बारा बाय दहा इंचाचं तोंड कापलं, त्याच पत्र्याचं झाकण केलं, कडेने रबराची पट्टी आणि चार कोपऱ्यांना हाताने फिरणारे पाकळ्यांचे नट. ६५० रुपये. मी विचारलं, मुळात रिव्हेट का मारतात? म्हणाला, स्क्रू पंख्याच्या थरथरीने सैल होतात आणि जाळी वाजते, मग लोक तक्रार करतात. मधे रबर टाकलं की वाजत नाही, पण तेवढा वेळ कोण घालवतो. त्याचं म्हणणं रास्त वाटलं. जाळ्या परत बसवताना रबर टाकून स्क्रू लावले. दीड महिना झाला, एकदाही वाजली नाही.

झाकण उघडून बॅटरी मारली तेव्हा जे दिसलं ते सांगते. पुढच्या खोलीच्या फाट्यात पत्रा जवळपास स्वच्छ, नुसता मऊ करडा थर, बोटाने पुसला की खालचा पत्रा चमकतो. मागच्या फाट्यात मात्र धुळीची पोळी झालेली. वर सुकून भेगा पडलेल्या, तळपायाच्या टाचेसारख्या. खाली अजून दमट. कापसाचे तंतू त्यात असे गुंतलेले की एक टोक धरून ओढलं तर हातभर पट्टा उचलून आला. कोपऱ्यात कुंभारमाशीची मातीची तीन घरं. सगळं मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९४० ग्रॅम भरलं.

इथे माझं मत बदललं, आणि ते लिहिणं मला भाग आहे. मी तोवर सगळा दोष कूलरवर आणि दुकानावर टाकत होते. पण कूलर तोच, हवा तीच, मग एक फाटा स्वच्छ आणि दुसरा असा का? बंद पट्टीमुळे. मागची जाळी आम्ही बंद ठेवली, त्यामुळे तो फाटा आंधळी गल्ली झाला. हवा तिथे जाऊन थांबायची. थांबलेल्या हवेतली धूळ खाली बसते, आणि हवा ओलसर असल्याने ती धूळ पत्र्याला धरते. मागच्या खोलीत कुणी नसलं तरी रोज दहा मिनिटं ती पट्टी उघडली असती तर एवढं साचलं नसतं.

दुसरी चूकही आमचीच. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, आम्ही पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचो. पॅड ओले असतात तेव्हा ते धूळ अडवतात, पाण्यासोबत ती खाली टबात जाते. म्हणून तर टबात गाळ साचतो. पॅड कोरडे असले की तीच धूळ आरपार. नोव्हेंबरात कापसाचा हंगाम, रस्त्याने कापसाच्या गाड्या, वाऱ्यावर तंतू, आणि आमचा कूलर उघडाच, ताडपत्रीशिवाय. त्याआधी वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा नदीच्या पात्रात भरली होती, तेव्हाची धूळ वेगळी. कूलर आणि डक्टच्या मधला कॅनव्हासचा जोडही उन्हाने खालून फाटला होता, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो १५० रुपयांत बदलला.

तरीही रिव्हेटबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. चूक आमची होती, पण झाकण असतं तर ती पहिल्याच दसऱ्याला दिसली असती.

साफ कसं केलं: आधी कूलरचा प्लग काढला, नुसतं बटण नाही. दोन्ही जाळ्यांच्या तोंडाखाली जुनं धोतर ओलं करून बांधलं. हातात जाड मोजे, कारण कापलेल्या पत्र्याची कड पातीसारखी असते. आधी कोरडं: लांब दांड्याच्या जळमटाच्या झाडूने लांबून झाकणाकडे ओढत आणलं, मग घरचा छोटा व्हॅक्यूम. ते झाल्यावरच घट्ट पिळलेलं फडकं. पाणी ओतायचं नाही, पत्र्याच्या सांध्यात शिरलं की गंज धरतो आणि उरलेल्या धुळीचा चिखल होतो. बुरशीच्या डागांवर साबणाच्या पाण्याचं फडकं आणि मग कोरडं फडकं पुरलं. जाळ्या अंगणात साबणाने धुतल्या, उन्हात वाळवल्या. दोघांना मिळून साडेतीन तास लागले. आक्का तोवर सासरी परतल्या होत्या, म्हणून बरं झालं. घरात दमेकरी माणूस असताना हे काम करू नये.

एक गोष्ट मी सुरुवातीला धूळच समजत होते. पुढच्या जाळीवर पांढरी भुकटी यायची, पुसली की चार दिवसांत पुन्हा. आमचं बोअरचं पाणी जड आहे. त्या भुकटीवर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे ती धूळ नाही, पाण्यातला चुना. पाणी उडून जातं, क्षार टबात उरतात आणि रोज वरून पाणी भरत राहिलं की ते वाढत जातात. पॅड चुन्याने भरले की थेंब हवेबरोबर डक्टमध्ये जातात. आता आठवड्यातून दोनदा टब पूर्ण रिकामा करते. डासांसाठीही ते गरजेचंच आहे, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्यातून एकदा तरी टब घासून कोरडा झाला पाहिजे. पांढरी भुकटी जवळपास थांबली.

त्याच झपाट्यात स्वयंपाकघरातल्या चिमणीची नळीही उघडली. सुरळीची ॲल्युमिनियमची नळी मधे झोळीसारखी लोंबत होती आणि त्या झोळीत तेल साचलेलं. तीन फूट जास्तीची नळी कापून सरळ केली. चिमणीचा आवाज कमी झाला. तेलाने माखलेली नळी आग धरते, तेव्हा हे लांबणीवर टाकू नका.

एकूण खर्च माझ्या हिशोबाने: वाया गेलेले १,२००, कामाला आलेले ८००. दुकानाने एक रुपया दिला नाही, पण मी पावती घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा मालकांनी यापुढे जाळ्या स्क्रूने बसवू असं कबूल केलं. ते करतात की नाही, ते ज्यांच्याकडे काम चालू आहे त्यांनी स्वतः उभं राहून बघावं. पत्रा कापायच्या आधीच सांगा: जाळीला स्क्रू, प्रत्येक वळणाशी झाकण, आणि डक्टला कूलरकडे किंचित उतार, म्हणजे आत गेलेले थेंब परत बाहेर जातील.

कूलरला पाचपैकी चार. बसवणीला एक.

पहिला पाऊस झाल्यावर पॅड वाळवून काढून ठेवले, डक्टचं बाहेरचं तोंड प्लायच्या तुकड्याने बंद केलं, वरून ताडपत्री बांधली. पुढच्या खोलीकडे वळणाऱ्या कोपऱ्यात मात्र अजून माझा हात पोहोचत नाही, झाडूही तिथे अडतो. दिवाळीच्या आत तिथे दुसरं झाकण पाडून घेणार आहे. वेल्डरला माप देऊन ठेवलंय, दहा बाय आठ.